बर्फ वितळेपर्यंत

‘धीर धरा’ हे दोन शब्द आम्ही धर्मगुरूंनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले असतील, तितक्या वेळा दुसरे कोणतेही शब्द उच्चारले नसतील. आजाऱ्याच्या उशाशी बसून ते उच्चारले, नोकरी गेलेल्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून उच्चारले, भावाभावांच्या जमिनीच्या वादात दोन्ही पक्षांना उद्देशून उच्चारले. हे शब्द सांगायला सोपे आणि ऐकायला सभ्य आहेत. त्यांनी बहुधा कोणाचे मन दुखावत नाही, आणि सांगणाऱ्याला काही करावेही लागत नाही. म्हणूनच उतारवयाकडे झुकताना या शब्दांविषयी आमच्या मनात एक शंका घर करू लागली आहे. धीर हा खरोखर सद्गुण आहे, की निरुपायाला आपण दिलेले ते एक गोंडस नाव आहे?

असा प्रश्न केवळ तर्काच्या बळावर सोडवू पाहिला तर तो शब्दांतच घुटमळत राहतो. त्याऐवजी तो अशा ठिकाणी नेऊन पाहावा, जिथे वाट पाहणे हा भाषेचा अलंकार नसून दरवर्षीचे काम आहे. आपल्याच देशाच्या उत्तर टोकाला, लडाखमध्ये, झंस्कार नावाचे खोरे आहे. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर तेथील माणसे जव, वाटाणा आणि थोडा गहू पिकवतात. वर्षातून एकच पीक येते. हिवाळ्यात सुमारे ४४०० मीटर उंचीवरची पेन्सी-ला खिंड बर्फाने बंद होते. पूर्वीच्या काळी तर भर थंडीत गोठलेल्या नदीच्या पृष्ठावरून चालत जाणे हाच बाहेरच्या जगाशी उरलेला मार्ग असे. फेब्रुवारी सरतो, मार्च सरतो, आपल्याकडे आंब्याच्या कैऱ्या धरू लागतात, आणि तिथे शेतांवर बर्फ तसाच पडलेला असतो. बियाणे घरात तयार असते. नांगर ओढणारी जनावरे गोठ्यात असतात. त्यांची वैरण गच्चीवर रचून ठेवलेली असते आणि ती दररोज थोडी थोडी कमी होत असते. कणगीतले धान्यही उतरत असते. शेत दारासमोर आहे, पण त्यात पाय ठेवता येत नाही.

अशा वेळी तो शेतकरी काय करीत असतो? ‘वाट पाहत असतो’ असे उत्तर आपण चटकन देऊ. परंतु या शब्दांत नेमके काय काय सामावलेले आहे, ते थोडे उकलून पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, ज्याच्यामुळे पेरणी अडली आहे, त्याच्यावरच ती उद्या अवलंबून राहणार आहे. लडाखच्या त्या भूमीत पाऊस नाममात्र पडतो. शेताला मिळणारे पाणी हे बर्फाचेच पाणी. डोंगरावरचा बर्फ वितळला की ओढे वाहू लागतात, ओढ्यांतून पाट निघतात, आणि गावाने नेमलेला ‘छुरपोन’, म्हणजे आपल्याकडचा पाटकरीच, ज्याची त्याची पाणीपाळी ठरवून देतो. बर्फ कमी पडला तर पेरणी लवकर होईल, पण पीक पाण्यावाचून करपेल. तेव्हा शेतावर पसरलेल्या त्या पांढऱ्या थराकडे पाहताना तेथील शेतकरी त्याला निव्वळ शत्रू समजू शकत नाही. यशया संदेष्ट्यानेही बर्फाला पावसाच्या शेजारीच स्थान दिले आहे. दोन्ही आकाशातून येतात ते जमिनीला सुपीक करण्यासाठी, असे तो म्हणतो. पाऊस हीच देवाची एकमेव कृपा मानणाऱ्या आपल्यासारख्या कोकणपट्टीच्या माणसांना त्या उल्लेखातील बर्फाचे महत्त्व एरवी जाणवत नाही.

दुसरी गोष्ट, त्याचे वाट पाहणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. लडाखच्या काही गावांत डोंगराच्या धारेवर दगडांचे उंच ढीग रचलेले असत. सूर्य त्यांच्याशी कोणत्या जागी येतो, त्यांची सावली कुठे पडते, यावरून पेरणीचा हंगाम ठरे, आणि मग ज्योतिषी शुभ दिवस सांगे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य युरोपातील कॅथॉलिक शेतकऱ्यांनीही असाच एक आधार शोधला होता. मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ तारखांना संत मामेर्तुस, संत पांक्रास आणि संत सर्वेशियस यांचे स्मरणदिन येतात. त्यांच्या पाठोपाठ संत बोनिफेस व संत सोफिया येतात. या सर्वांना तिथे ‘बर्फाचे संत’ म्हणतात. त्यांचे दिवस पार पडल्याशिवाय नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे, कारण वसंत ऋतू आला आला म्हणताना एखाद्या रात्री दहिवर गोठते आणि सकाळी सारी रोपे काळी पडलेली दिसतात. ज्यांची रोपे अशी जळाली, त्यांनी आपले दुःख पंचांगात नोंदवून ठेवले आणि पुढच्या पिढीला ते संतांच्या नावाने सांगितले. परंपरा म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच घडते.

मात्र याच गोष्टीला एक छोटीशी पुरवणी आहे. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. मधले दहा दिवस गळले, पण संतांचे दिवस आपापल्या तारखांना चिकटून राहिले. म्हणजे जुन्या पंचांगातील १२ मे हा ऋतूच्या हिशेबाने आजच्या २२ मेच्या आसपास पडत असे. केवळ तारखेवर भरवसा ठेवणारा शेतकरी यामुळे फसू शकला असता. शहाणा शेतकरी तारीख लक्षात ठेवतो आणि शिवाय वाकून मातीही हातात घेतो. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा. तो चिखलासारखा चिकटून राहिला तर थांबावे, आणि बोटाच्या टिचकीने मोकळा फुटला तर वाफसा आला असे समजावे. वितळलेल्या बर्फाने भिजलेल्या शेतात घाईने नांगर घातला तर माती दडपते, तिची ढेकळे बनतात, आणि ते नुकसान त्या वर्षभर भरून निघत नाही. आपल्याकडचा शेतकरी हे जाणतो. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून ज्याने पेरले आणि नंतर पावसाने दडी मारली, त्याला दुबार पेरणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नका, असे कृषी खाते दरवर्षी बजावते ते याचसाठी. तेव्हा खरा धीर हा एक प्रकारचा अभ्यास आहे. ज्याची वाट पाहायची, त्याच्याकडे नीट लक्ष देणे हा त्याचा गाभा आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत अधिक विचार करायला लावते. झंस्कारमधील लोक शरद ऋतूतच कोरडी माती घरात आणून साठवून ठेवतात. वसंताच्या तोंडावर, बर्फ अजून जाण्याचे नाव घेत नसताना, ती माती ते शेतावरच्या बर्फावर विखरून टाकतात. लाहौलमध्येही ही चाल आहे. यामागचे कारण साधे आहे. ताजा शुभ्र बर्फ आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ऐंशी ते नव्वद टक्के प्रकाश परत फेकून देतो, म्हणून तो उन्हातही तग धरतो. काळपट माती तेच ऊन शोषून घेते, तापते आणि खालच्या बर्फाला वितळवते. अशा रीतीने पेरणीचे मोलाचे काही दिवस हाती लागतात. त्या खोऱ्यात काही दिवस ही लहान गोष्ट नाही. बर्फ जाणे आणि पुन्हा कडाक्याची थंडी पडणे यांच्या मधल्या मोजक्या महिन्यांतच जव पिकवायचा असतो. उशीर झाला तर दाणा भरण्याआधीच थंडी त्याला गाठते.

परंतु या उपायालाही प्रमाण आहे. हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळून आले आहे की, बर्फावर मातीचा किंवा दगडगोट्यांचा पातळ थर असला तर बर्फ लवकर वितळतो, पण तोच थर काही सेंटिमीटर जाड झाला की तो गोधडीचे काम करतो आणि खालचा बर्फ अधिक काळ टिकवून धरतो. बर्फाच्या लाद्यांवर लाकडाचा भुसा का घालतात, हे ज्यांनी आपल्याकडच्या मासळीबाजारात पाहिले आहे, त्यांना हे सहज पटेल. ज्या हाताने मदत करायची, त्याच हाताने अति केले तर अडथळा वाढतो. मुलांच्या शिक्षणात, घरातील भांडणात, पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या माणसाशी वागताना आपण किती वेळा टोपल्याच्या टोपल्या माती ओतत असतो! त्या शेतकऱ्याला आपल्या मुठीचे माप ठाऊक असते. ऊन त्याला निर्माण करता येत नाही. उन्हाला वाट करून देणे मात्र त्याला जमते.

हे माप ज्यांनी ओळखले नाही त्यांचे काय होते, याचे उदाहरण विसाव्या शतकाच्या इतिहासात आहे. युरोप-रशियातील हिवाळी गहू शरदात पेरतात आणि तो बर्फाखाली हिवाळा काढतो. वर हवा कितीही गोठली तरी बर्फाचा थर त्याला पांघरुणासारखा सांभाळतो. त्या रोपाने काही आठवडे थंडी सोसल्याशिवाय त्याला ओंबी धरत नाही, हे गासनेर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१८ साली प्रयोगाने दाखवून दिले होते. म्हणजे वाट पाहणे हे जसे शेतकऱ्याच्या वाट्याला येते, तसे ते बियाण्याच्या पोटातही आहे. पुढे सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेन्को या कृषितज्ज्ञाने हेच तत्त्व हाती घेतले. बियाणे भिजवून, थंडीत ठेवून वसंतात पेरले की उत्पन्न भरघोस वाढेल, इतकेच नव्हे तर असा घडवलेला बदल पुढच्या पिढ्यांतही उतरेल, असे तो सांगू लागला. दुष्काळाने गांजलेल्या आणि घाईला आलेल्या राज्यकर्त्यांना हे हवेच होते. ‘थांबा, आधी कसोटीला लावून पाहू’ असे म्हणणारे शास्त्रज्ञ हळूहळू शत्रू ठरले. त्यांच्यातील अग्रणी निकोलाय वाविलोव यांना १९४० साली अटक झाली, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचे निधन झाले. १९४८ साली तर आनुवंशिकीचे शास्त्रच तिथे निषिद्ध ठरले. निसर्गाला हुकूम सोडणारी घाई अखेर माणसांवरच हुकूम सोडू लागते, हा त्या इतिहासाचा बोध आहे.

याच्या उलट टोकाचाही दोष आहे आणि पवित्र शास्त्राने तोही नोंदवून ठेवला आहे. जो नुसता वाऱ्याकडे आणि ढगांकडेच पाहत राहील, त्याच्या हातून ना पेरणी होईल ना कापणी, अशा अर्थाचा इशारा उपदेशकाच्या ग्रंथात आहे. धीराला शेवट असतो. वाफसा आल्यावरही जो थांबतो तो धैर्यवान नव्हे, तो भित्रा किंवा आळशी असतो. बर्फ गेला आहे हे मान्य करणे काहींना अवघड जाते, कारण मग उठावे लागते.

येथवर आपण शेतकऱ्याकडून शिकत आलो. आता या विषयाची जी बाजू आम्हाला टोचते, तिच्याकडे वळले पाहिजे. वाट पाहण्याला किंमत पडते, आणि ती किंमत घरातल्या साठ्यातून द्यावी लागते. बर्फ लांबला की कणगी रिकामी होत जाते, आणि एक दिवस असा येऊ शकतो की घरात खाण्यासाठी फक्त बियाणे उरते. ते खाल्ले तर आजची भूक भागते आणि पुढचे वर्ष संपते. न खाल्ले तर पुढचे वर्ष वाचते, पण तोवर माणसे वाचतील याची खात्री नसते. शेतीच्या इतिहासात याहून कठोर नैतिक प्रश्न आम्हाला माहीत नाही.

वाविलोव यांच्याच लेनिनग्राडमधील संस्थेत हा प्रश्न शब्दशः उभा राहिला. जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने तिथे जतन केलेले होते. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला. शहरात लाखो लोक अन्नावाचून मेले. तांदूळ, गहू, शेंगा यांच्या पोत्यांच्या आणि डब्यांच्या सोबतीत राहून त्या संस्थेतील अनेक कार्यकर्ते भुकेने मरण पावले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. आपल्या प्रमुखाचे तुरुंगात काय झाले असेल, याची त्यांना कल्पनाही नव्हती. कुठल्यातरी वसंतात, कोणीतरी हे पेरील, या विश्वासावर ते थांबले. या त्यागापुढे आपण केवळ नतमस्तक व्हावे.

परंतु नतमस्तक होताना एक भेद विसरता कामा नये. त्यांनी तो निर्णय स्वतःसाठी घेतला. दुसऱ्याच्या मुलांना त्यांनी उपाशी ठेवले नाही. आपण राखलेला धीर आणि आपण दुसऱ्याला राखायला सांगितलेला धीर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आम्हाला फार उशिरा उमगले, आणि ज्या प्रसंगाने उमगले तो सांगितलाच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एका बंद पडलेल्या कारखान्याचा कामगार राहत असे. त्याची अनेक वर्षांच्या कष्टाची रक्कम मालकाकडे अडकलेली होती. रविवारी मिस्सा संपली की तो देवळाच्या पायरीवर थांबायचा आणि विचारायचा, “फादर, अजून किती दिवस?” आम्ही त्याला धीर धरायला सांगत असू. एकदा तर त्याच्यासाठीच जणू आम्ही प्रवचनात संत याकोबाच्या पत्रातील शेतकऱ्याचे उदाहरण घेतले. आरंभीच्या आणि शेवटच्या पावसाची तो जशी सबुरीने वाट पाहतो, तशी आपणही पाहावी, असे सांगितले. लोकांना ते प्रवचन आवडले. त्यानंतर काही महिन्यांनी त्या गृहस्थाने विचारणे बंद केले. त्याला मनःशांती लाभली असे आम्ही समजलो. पुढे शेजाऱ्यांकडून कळले की, परिचारिकेचे शिक्षण घेणारी त्याची मुलगी अर्ध्यातून शिक्षण सोडून एका दुकानात कामाला लागली होती. त्याच्या कणगीत दुसरे काही उरले नव्हते. त्या घराने बियाणे खाल्ले होते, आणि आम्ही त्या शांततेला पुण्य समजून बसलो होतो.

त्या रात्री आम्ही याकोबाचे पत्र पुन्हा उघडले. शेतकऱ्याच्या सबुरीची गोष्ट पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात आहे. त्याआधी, चौथ्या वचनात, शेतात राबलेल्या मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवंतांवर प्रेषिताने कडाडून आसूड ओढला आहे. ती अडवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे तो म्हणतो. इतकी वर्षे आम्ही सातवे वचन वाचत आलो होतो. चौथे वचन त्याच पानावर होते.

आमच्या मते या विवेचनाचा कणा इथे आहे. बर्फाला मन नसते. तो शेतकऱ्याचे काही अडकवून ठेवत नाही, त्याला आपला काळ असतो आणि तो काळ संपला की तो जातो. जे जे असे स्वतःच्या काळाने चालते, त्याच्यापुढे धीर हा सद्गुण आहे. बियाणे, गर्भ, जखम, शोक, लहान मुलाची समज, दुखावलेल्या माणसाच्या मनातील क्षमा, ही सर्व या वर्गात मोडतात. त्यांना हुकूम सोडता येत नाही. कारखान्याच्या मालकाने अडवलेली रक्कम हा मात्र बर्फ नव्हे. तिच्यामागे एका माणसाची इच्छा आहे आणि ती इच्छा बदलू शकते. अशा ठिकाणी ‘धीर धरा’ म्हणणे म्हणजे अन्यायाला ऋतूचा दर्जा देणे होय. जो असे म्हणतो त्याची स्वतःची कणगी बहुधा भरलेली असते. आमची भरलेली होती.

यावर कोणी म्हणेल, मग अशा माणसासाठी तुम्ही काय करू शकला असता? कारखाना तर तुमच्या हाती नव्हता. खरे आहे. पण मूठभर माती आमच्या हाती होती. एक अर्ज लिहून देता आला असता. कामगारांच्या कचेरीत त्याच्यासोबत एक फेरी मारता आली असती. त्या मुलीच्या फीपुरती वर्गणी चार घरांतून गोळा करता आली असती, म्हणजे रक्कम मिळेपर्यंत त्या घराचे बियाणे शाबूत राहिले असते. एवढ्याने बर्फ लगेच वितळला नसता, पण काही दिवस वाचले असते. ज्या घरात बियाणे खाण्याची वेळ आली आहे, त्या घरासाठी ते काही दिवस म्हणजेच सर्व काही असते.

लेख संपवण्यापूर्वी पुन्हा झंस्कारकडे वळतो, कारण तेथील आजची स्थिती या भेदाला एक नवी गुंतागुंत जोडते. त्याच खोऱ्यात कुमिक नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या डोंगरावरचा बर्फ वर्षानुवर्षे कमी होत गेला, ओढा आटत गेला, आणि शेतांना पाणी पुरेना. अखेर गावकऱ्यांनी पिढ्यांची घरे सोडून खालच्या माळावर नवी वस्ती उभारायला घेतली. ज्यांचे पूर्वज बर्फ जाण्याची वाट पाहत असत, ते आता बर्फ येण्याची वाट पाहतात. लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून एक उपाय सुरू केला. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या जागी दगडी बांधांमागे पसरवून ते गोठवायचे. गावाजवळच्या कमी उंचीवर असल्यामुळे हा बर्फ एप्रिल-मे महिन्यांत, वरच्या हिमनद्या वितळण्याआधी, ऐन पेरणीच्या वेळी पाणी देतो. २०१५ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. मूठभर माती टाकून बर्फ घालवणाऱ्यांच्या मुलखात आता दगड रचून बर्फ थांबवावा लागतो.

डोंगरावरचा बर्फ आटण्यामागे वाढत्या उष्णतेचा हात आहे, आणि त्या उष्णतेत आपल्या कारखान्यांचा, वाहनांचा, आपल्या राहणीचा वाटा आहे. शिवाय धुराची काजळी हिमालयातील बर्फावर जाऊन बसते आणि उन्हाला शोषून घेते. तत्त्व तेच, जे झंस्कारचा शेतकरी वापरतो. फरक इतकाच की तो आपल्या शेतावर, आपल्या गरजेपुरती, योग्य वेळी माती टाकतो. आपली काजळी परक्याच्या शेताला पाणी देणाऱ्या बर्फावर, न विचारता, बाराही महिने पडत राहते. जो बर्फ आतापर्यंत कोणाच्याही इच्छेने चालत नव्हता, त्यात आता आपली इच्छा, किंवा आपली बेपर्वाई, मिसळली आहे. कुमिकच्या लोकांना ‘धीर धरा, निसर्गाची मर्जी’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे का, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

म्हणून ‘धीर धरा’ हे शब्द आम्ही टाकून दिलेले नाहीत. ते पूर्वीपेक्षा जड झाले आहेत, इतकेच. आता कोणी पायरीवर थांबून ‘फादर, अजून किती दिवस?’ असे विचारले, तर उत्तर देण्याआधी आम्ही त्याला आत बोलावतो, खुर्ची देतो आणि विचारतो, घरात काय उरले आहे? समोरचा बर्फ आहे की कोणी माणूस, हे त्यानंतर दोघे मिळून पाहतो. पुष्कळदा दोन्ही असतात. मग जे बर्फाचे आहे त्यासाठी धीर मागतो, आणि जे माणसाचे आहे त्यासाठी चपला घालून त्याच्याबरोबर निघतो. त्या मुलीला तिची गेलेली वर्षे आम्ही परत देऊ शकत नाही. पुढच्या घरातले बियाणे वाचावे, एवढी प्रार्थना करतो, आणि प्रार्थनेनंतर मूठभर माती हाताशी ठेवतो.